युरोरॅक मॉड्यूल जोडण्याआधी केबल मोजा

घरी किटमधून बनवलेलं युरोरॅक मॉड्यूल (मॉड्युलर सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा सुटा भाग) पहिल्याच वेळी जळतं ते बहुधा उलट्या केबलमुळे. रिबन केबलची लाल कड म्हणजे उणे १२ व्होल्ट. पण कनेक्टर उलटा दाबला गेला असेल तर त्या लाल रंगाला काही अर्थ नाही.

१. वीज बंद. मल्टिमीटरने मॉड्यूलवर ग्राउंड (शून्य व्होल्टची पिन) आणि प्रत्येक १२ व्होल्टच्या पिनमधला रेझिस्टन्स मोजा. आकडा कमी दिसून चढत गेला तर कपॅसिटर भरतोय, घाबरू नका. दोन-चार ओहमवर अडकला तर शॉर्ट शोधा.

२. केबल फक्त बसबोर्डला (सगळ्या मॉड्यूल्सना वीज वाटणारा बोर्ड) लावा, मॉड्यूलकडचं टोक मोकळं. त्यात दहा पिनांचा हेडर (पिनांची सुटी पट्टी) खोचा, म्हणजे मीटरचा प्रोब घसरणार नाही.

३. वीज चालू. काळा प्रोब मधल्या पिनवर. लाल कडेच्या जोडीवर उणे १२, मधल्या तिन्ही जोड्यांवर शून्य, पलीकडच्या टोकाला अधिक १२ यायला हवं.

४. वीज बंद करा, बसबोर्डचे एलईडी विझू द्या, मगच मॉड्यूल जोडा. लाल कड बोर्डवरच्या उणे १२ च्या खुणेकडे.

आयसी तापली किंवा १० ओहमचा रेझिस्टर करपला, तर लगेच बंद. उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पुष्कळ किटांत तो नसतोच.