‘कुणाला सांगू नका’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका: ज्येष्ठांच्या फसवणुकीतल्या या चुका टाळा

फसवणुकीची बातमी वाचली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढे शिकलेले, मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, मग फसले कसे? हा प्रश्नच चुकीचा आहे. पोलीस ठाण्याची पायरी कधी न चढलेला, वीजबिलाची तारीख न चुकवणारा माणूस या टोळ्यांना फार सोयीचा पडतो. ‘तुमच्या नावावर गुन्हा आहे’ म्हटलं की त्याचे हातपाय गळतात आणि ‘हे घरात कुणाला सांगू नका’ म्हटलं की तो खरोखरच सांगत नाही. बहुतेक प्रकरणं तिथेच हाताबाहेर जातात.

घाबरून फोन चालू ठेवणं

‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच तुम्हाला अटक झाल्याचं भासवणं, हा यातला सगळ्यात महागडा प्रकार. सुरुवात साधी असते. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, किंवा तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरलाय. मग कॉल ‘क्राइम ब्रँच’ला किंवा ‘सीबीआय’ला जोडून देतात. व्हिडिओवर गणवेशातला माणूस, मागे बोधचिन्ह, हातात न्यायालयाच्या शिक्क्याचं पत्र. कॅमेरा बंद करायचा नाही, झोपतानाही फोन समोर हवा. शेवटी सगळे पैसे ‘पडताळणीसाठी’ एका खात्यात भरायचे. निर्दोष ठरलात की परत.

भारतीय कायद्यात अशी अटक नाहीच. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हरियाणातल्या एका वृद्ध दाम्पत्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये या प्रकारांचा तपास सीबीआयकडे दिला. त्या दाम्पत्याला दाखवलेले बनावट आदेश खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या नावाने काढलेले होते. तेव्हा शिक्का, सही, बारकोड बघून कागद खरा ठरवायच्या फंदात पडू नका. ‘मी माझ्या भागातल्या पोलीस ठाण्यात येतो, तिथे बोलू’ एवढं म्हणा आणि फोन ठेवा. वाद घालू नका, त्याला पकडून द्यायच्या नादी लागू नका. जितका वेळ बोलाल तितका तो तुम्हाला ओळखत जातो.

बँकेत हे कसं दिसतं बघा. सत्तरीचे काका काउंटरवर येतात, एफडीच्या पावत्या पुढे करतात. ‘काका, मुदतीला दोनच महिने राहिलेत, आता मोडली तर व्याज कापलं जाईल.’ काका मान हलवतात. ‘चालेल. मुलाला फ्लॅट घ्यायचाय.’ आरटीजीएसच्या फॉर्मवर नाव परराज्यातल्या कुठल्याशा ट्रेडर्सचं. बिल्डरचं नाव विचारलं की उत्तर येत नाही. शर्टाच्या खिशात फोन, कॉल चालू, पलीकडचा ऐकतोय. फ्लॅटचं उत्तरही त्यानेच पढवलेलं.

बँकेतल्या माणसाशी खोटं बोलणं ही इथली सगळ्यात मोठी चूक, कारण पैसे जाण्याआधी हटकणारा तो शेवटचा माणूस असतो. असल्या दडपणाखाली बँकेत पोचला असाल तर स्लिपच्या मागे लिहा: ‘फोन चालू आहे, धमकी आहे.’ पुढचं तिथले लोक बघतात.

‘त्याला माझं सगळं माहीत होतं’

पेन्शनरांना येणारे फोन या एका वाक्यावर चालतात. पलीकडचा तुमचा पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक सांगतो, निवृत्तीची तारीख सांगतो, पत्ता सांगतो आणि मग म्हणतो, ‘हयातीचा दाखला अद्ययावत करायचाय, आलेला ओटीपी द्या.’ ही माहिती बाहेर कुठून कुठून फुटते याला सुमार नाही. ती माहीत असणं म्हणजे ओळखपत्र नव्हे.

हयातीच्या दाखल्याचा महिना नोव्हेंबर. केंद्राच्या ऐंशीपुढच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. तो बँकेत जाऊन, घरी येणाऱ्या पोस्टमनकडून किंवा सरकारच्या ‘जीवन प्रमाण’ सेवेच्या चेहरा ओळखणाऱ्या ॲपवरून देता येतो. फोनवर ओटीपी विचारून तो कुणीही ‘अद्ययावत’ करत नाही.

महावितरणच्या नावाने येणारा ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर बोला’ हा मेसेजही त्याच जातीचा. कंपनीचे मेसेज तिच्या नावाच्या सेंडर आयडीवरून येतात, कुणाच्या दहा आकडी मोबाइलवरून नाही. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो, घेताना कधीच नाही. पैसे घेण्यासाठी पिन मागितला की समोरचा चोर, विषय संपला.

आलेली फाइल उघडणं

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, वाहतुकीचं चलान येतं, बँकेची ‘केवायसी’ येते. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते ॲप आहे, पत्रिका नाही. एकदा बसलं की तुमचे एसएमएस चोराला दिसू शकतात. म्हणजे ओटीपी तुम्ही न देताही जातो.

चुकून बसवलंच तर ते ॲप शोधत, पुसत बसू नका. आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा, एअरप्लेन मोड लावा. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड बंद करून घ्या. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथेही बनावट नंबर पेरलेले असतात. कार्डाच्या मागे छापलेला घ्या.

पैसे गेल्यावरच्या चुका

नुकसान दुप्पट होतं ते इथे. पहिली चूक म्हणजे अडकलेले पैसे सोडवायला आणखी भरणं. ‘एवढा कर भरा, मग सगळी रक्कम सुटेल’ हे शेअर बाजाराच्या बनावट ॲपवाल्यांचं आवडतं वाक्य. ॲपवर दिसणारा नफा हा नुसता आकडा असतो.

दुसरी म्हणजे, ‘सोमवारी बँक उघडली की बघू’. पैसा तासाभरात चार-पाच खात्यांतून फिरवून काढून घेतला जातो. त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम, वेळ, आपली बँक आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. यूपीआयचा असेल तर तो बारा आकडी असतो. तुमची तक्रार तिथून संबंधित बँकांकडे जाते आणि पुढच्या खात्यात पैसे अजून असतील तर ते गोठवता येतात. लाइन लागली नाही तर केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि आपल्या बँकेलाही लेखी कळवून पोच घ्या.

त्या पोचेवरची वेळ महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, चूक ना तुमची ना बँकेची आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमचं उत्तरदायित्व शून्य. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून आपली चूक असली तरी फोन करायचाच.

लाजेपोटी चॅट पुसून टाकणं ही तिसरी. तोच पुरावा असतो. स्क्रीनशॉट काढा, नंबर लिहून ठेवा, फोन फॉरमॅट करू नका.

मुलांच्याही चुका आहेत

‘बाबा, तुम्हाला शंभरदा सांगितलं होतं!’ हे वाक्य ऐकावं लागेल या भीतीने कितीतरी लोक दोन-दोन दिवस गप्प बसतात आणि तेवढ्यात उरलेली एफडीही जाते. परदेशातल्या मुलामुलींना तर ‘उगाच काळजी नको’ म्हणून महिनोन्‌महिने कळत नाही. दटावणी नंतर करा. आधी १९३० लावून द्या.

स्मार्टफोन काढून घेणं हा तर उपायच नव्हे. रोजच्या वापरासाठी वेगळं खातं ठेवा, त्यात पंधरा-वीस हजार, यूपीआय फक्त त्यालाच जोडलेलं. पेन्शन आणि एफडीच्या खात्याची ऑनलाइन मर्यादा बँकेतून खाली आणून घ्या. आवाजाची नक्कल आता सहज होते, तेव्हा ‘आई, माझा अपघात झालाय, पैसे पाठव’ असा फोन आला तर विचारायचा एक घरगुती शब्द ठरवून ठेवा. लहानपणीचं टोपणनाव नको, ते फेसबुकवर सापडतं.

तक्रारीनंतर

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. गोठवलेली रक्कम परत मिळायला अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो आणि त्यात महिने जातात. नेमक्या याच काळात ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडलीय, प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन येऊ शकतो. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. खरी रक्कम खात्यात जमा होते, तिच्यासाठी कुणाला आगाऊ काही द्यावं लागत नाही. शंका असली तर तक्रारीचा क्रमांक घेऊन आपल्या पोलीस ठाण्यातल्या तपास अधिकाऱ्याला समक्ष भेटा.