खाडीत कयाक चालवताना मासेमारीची जाळी आणि होड्यांचा धक्का कसा सांभाळावा

लाइफ जॅकेट, पाणी, टोपी हे तुम्हाला सांगायला नको. वेळ तिथीवरून काढा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ. खाडीत आतवर भरती त्याहून उशिरा पोचते. भरतीबरोबर आत जा, ओहोटीबरोबर परत या. पाण्यात उतरायची पायवाट कुणाच्या वाडीतून जात असेल, तर आधी त्या घरी विचारा.

आता जाळी. ‘जाळ्यांपासून लांब राहा’ एवढा एकच सल्ला सगळीकडे मिळतो. ज्याला जाळं दिसतच नाही, त्याने लांब राहायचं कशापासून? मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीत मला थर्माकोलचे दोन तुकडे तरंगताना दिसले. कचरा समजून मी मधून गेलो. मागचं सुकाणू अडकलं, ओहोटीने कयाक आडवी केली आणि मी घाबरून वल्ह्याने ओढाओढ केली. जाळं हातभर फाटलं. मालक होडी घेऊन आला, ओरडला नाही. तुटलेले आस, म्हणजे जाळ्याचे डोळे, बोटांवर धरून मला दाखवत राहिला. भरपाई दिली, पण ज्या पायऱ्यांवरून आम्ही उतरत होतो त्या हंगामभर सगळ्याच कयाकवाल्यांना बंद झाल्या. चूक माझी एकट्याची होती.

म्हणून थर्माकोल, रिकामी बाटली, डबा, काहीही तरंगताना दिसलं की ते जाळंच समजा. वल्हं थांबवा, दुसरं टोक शोधा. जवळ होडी असेल तर विचारा, ‘दादा, जाळा खंयपर्यंत आसा?’ हात दाखवतील तिकडूनच जा, वळसा कितीही पडो. ओलांडण्यावाचून गत्यंतर नसेल आणि मालकाने हो म्हटलं असेल, तरच दोन बोयांच्या, म्हणजे त्या तरंगत्या खुणांच्या, मधोमध, सुकाणू वर घेऊन, वल्हं न मारता सरकत जा.

खुंटांना बांधलेल्या डोलीचं, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याचं, तोंड प्रवाहाकडे असतं. तिच्या समोरून आडवं जाणं मी कुणालाही करू देत नाही. पाणी तुम्हाला थेट आत ढकलतं.

परतताना तिवरांच्या मुळांवर किंवा कालवांच्या खडकावर कयाक चढवू नका. पाय कापतील, आणि ती कालवं काढून बाजाराला नेणाऱ्या बायकांचं नुकसान होईल. धक्क्यावर मासळी उतरत असेल तर पाण्यातच थांबा. शेवटची टोपली वर गेली की कडेला लागा, आणि कयाक लगेच उचलून वाट मोकळी करा.