बेडरूमची ओल आणि माझी सर्दी: शेवटी काय केलं
डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहते. जून लागला की माझं सुरू, सकाळी उठल्याउठल्या पंधरावीस शिंका, डोळे चुरचुरणार, रात्री खोकला. आणि गंमत म्हणजे आईकडे नाशिकला चार दिवस गेले की सगळं गायब. डॉक्टरांनी तपासून बुरशीची अ‍ॅलर्जी सांगितली, म्हणाले औषध देतो पण आधी घर बघा.

कपाट ओढलं तर मागची भिंत काळी ठिक्कर!! आधीची दोन वर्षं आम्ही वरून नुसता रंग मारत होतो, शुद्ध वेडेपणा, कारण ओल आतून येत असली की सहा महिन्यांत पोपडे धरतातच. आमच्या वरच्या बाथरूमची नहाणी गळत होती, वरच्या काकांना पटवायलाच दीड महिना गेला (चहा किती प्यायलो विचारू नका), मग त्यांनी वॉटरप्रूफिंग केलं, आम्ही खराब प्लास्टर फोडून भिंत पूर्ण वाळू दिली आणि मगच नवीन गिलावा. फोडाफोडीच्या वेळी मी घरात थांबलेच नाही.

आता आर्द्रता मोजायचा छोटा मीटर ठेवलाय, ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो, पावसात डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा खेचून घेणारं यंत्र) लावावाच लागतो, बिल वाढतं. ओले कपडे बेडरूममध्ये वाळत घालणं बंद, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. जुनी कापसाची गादी टाकून दिली, सासूबाई अजून बोलतात त्यावरून. शिंका पूर्ण गेल्या नाहीत, पण रात्री झोप लागते.