तरंगत्या पीटवर शून्य कुठे धरायचं?

पीट म्हणजे दलदलीत साठलेले, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर. ते उभे कापून काढायचे, त्यातले पराग मोजायचे, कार्बन डेटिंगने वयं काढायची आणि जुना काळ वाचायचा. बाकीचं सांगत बसत नाही. या वाटेला लागलात म्हणजे तेवढं वाचलेलं असणारच. मला माझी फजिती सांगायची आहे.

मी साताऱ्याची. ड्रोसेरा, ती किडे खाणारी वनस्पती, पहिल्यांदा पाहिली ती कासच्या पठारावर. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका तळ्यावर तसाच चिकट थेंबांचा ड्रोसेरा दिसला, जात वेगळी, पण माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. त्या आनंदात पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत आत गेले.

उत्तर ब्लॅक फॉरेस्टमध्ये हिमयुगातल्या छोट्या हिमनद्यांनी डोंगरांच्या ईशान्य अंगाला सुपासारखे खळगे कोरले. त्यात तळी साचली आणि बहुतेक भरूनही गेली. मुम्मेलझे अजून खोल आहे, एल्बाखझे मिटत आलंय, हुत्सेनबाखर झेच्या मध्यावर शेवाळाची गादी तरंगते. काठावरून सेज आणि बॉगबीन या दलदलीतल्या वनस्पती पाण्यावर मुळांचं जाळं विणतात, त्यावर स्फॅग्नम हे शेवाळ बसतं, पाणी आंबट होतं, कुजणं मंदावतं. पीट साठतं ते वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर.

आता माझी चूक. नीट वाचा, कारण ही कुणी सांगत नाही.

रशियन कोरर म्हणजे गाळाचा उभा तुकडा काढायचं हत्यार, त्याचा चेंबर ५० सेंटीमीटरचा. शेजारी शेजारी दोन भोकं घ्यायची आणि प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यावर निदान १० सेंटीमीटर चढवायचा, हा नियम. आम्ही वेळ वाचवायला चढवलाच नाही. पहिल्या भोकातून ४ ते ४.५ मीटर, दुसऱ्यातून ४.५ ते ५. खोली मोजली शेवाळाच्या पृष्ठभागापासून. पहिल्या दिवशी भोकाभोवती आम्ही तिघं उभे होतो आणि गादी आमच्या वजनाने दबलेली. मग दोन दिवस पाऊस. तळ्याचं पाणी चढलं, गादीही चढली. दुसऱ्या भोकाशी आम्ही दोघंच. तळाचा गाळ होता तिथेच होता. हललं होतं ते आमचं शून्य!

पहिल्या तुकड्यात ४.४४ मीटरवर लाल वाळूचा बोटभर थर आला. दुसऱ्यात ४.६३ वर तसाच. मी लिहून मोकळी झाले, मागच्या कड्यावरून दोनदा दरड आली म्हणून. तुकडे एकमेकांवर चढवले असते तर तिथल्या तिथे कळलं असतं. वयं काढणाऱ्या बेकन नावाच्या सॉफ्टवेअरनेही हूं की चूं केलं नाही. चुकीची खोली दिली तरी ते आलेख देखणाच काढतं. आठ महिन्यांनी दोन्ही थरांच्या लगेच वर सापडलेल्या पानांच्या तुकड्यांची कार्बन वयं आली, दोन्ही सारखीच. थर एकच होता.

म्हणून गादीतून आरपार लोखंडी दांडा तळाच्या घट्ट गाळात ठोका, नाहीतर काठावरच्या खडकावर खूण करून लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं यंत्र, लावा. प्रत्येक चेंबरची खोली त्या खुणेपासून. फळ्या टाकून उभे राहा, माणसं रोज तेवढीच. मधे नुसता तपकिरी रस्सा आला तर ते गादीखालचं पाणी. त्याची जाडी वहीत लिहा, वरचं आणि खालचं टोक जोडून टाकू नका.

संशोधनाचा गाईड निवडताना त्याचे गमबूट बघा, असं माझं मत. कोरे करकरीत असतील तर विचार करा. माझे गाईड भला माणूस, पण तळ्यावर एकदाच आले, तेही कोरड्या दिवशी.

परवानगीचा अर्ज मात्र हिवाळ्यातच टाका. ही तळी संरक्षित आहेत, ऐनवेळी कुणी दाद देत नाही.

आणि असं झालंच तर घाबरू नका. माझी परागांची मोजणी वाया गेली नाही. फक्त खोलीचा रकाना पुन्हा भरावा लागला. दोन दरडींवर लिहिलेलं प्रकरण तेवढं गेलं. सत्तावीस पानं होती.