सीताफळवाल्यांचा गट करताय? आधी पट्ट्या गोळा करा

सासवडच्या बाजूला एक-दोन एकर सीताफळ असलेली घरं भरपूर आहेत आणि गट करू, कंपनी काढू हे दर मीटिंगला ठरतं, पण माझं म्हणणं असंय की कंपनी नंतर, आधी दहा घरांतून मागच्या सीझनच्या मार्केट यार्डच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्यावर मिळालेल्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, मागून आणा.

भाव बाजूला ठेवा, फक्त कपात बघा. हमाली, तोलाई, गाडीभाडं. अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, कापलेली दिसली तर लगेच विचारा, कारण 2016 पासून राज्यात फळं-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराने द्यायचीये, शेतकऱ्याने नाही. एका काकूंच्या पट्टीमागे त्यांनीच पेनाने हिशोब मांडला होता, तीन क्रेट माल, त्यात भाडं गेलं, तोडणीची मजुरी गेली, हातात काहीच नाही. बघून पोटात कालवलं. तीन क्रेटला एकट्याने गाडी परवडूच शकत नाही, म्हणून पहिलं काम म्हणजे गाडी एकत्र करा.

मग प्रतवारी, खरा पैसा इथंच आहे. फळाचे डोळे उघडून त्यांच्या मधल्या रेषा पांढरट-पिवळसर झाल्या की फळ तोडायचं, पुढे दोन-चार दिवसांत पिकतंच. झाडाखालीच तीन ढीग करा, मोठं, मध्यम, बारीक. वर मोठं आणि तळाला बारीक असं एकाने जरी भरलं ना, तर सगळ्यांचा भाव पडतो, त्यामुळे प्रत्येक क्रेटवर ज्याचा त्याचा नंबर टाका. बारीक माल गर काढून विकणाऱ्यांना देऊन बघा. स्वतः गर काढायची घाई नको हां, तो तापवला की कडू होतो, उघडा राहिला की काळा पडतो, गोठवूनच ठेवावा लागतो आणि फ्रीझरचं लाइट बिल पहिल्याच वर्षी गटाला बुडवेल.

एक सीझन असा नीट गेला की कंपनीचं बघा. दहा शेतकऱ्यांत प्रोड्युसर कंपनी, म्हणजे शेतकऱ्यांच्याच मालकीची कंपनी, होते, शेअर कितीही असले तरी माणशी एकच मत. केंद्राने 2020 मध्ये अशा शेतकरी कंपन्यांसाठी काढलेल्या योजनेत सपाट भागात किमान 300 सभासदांची अट होती, पण तसल्या आकड्यासाठी नुसती नावं भरू नका, माल न देणारे सभासद काय कामाचे?

आणि पैसे ज्याचे त्याच्या खात्यावर त्याच आठवड्यात टाका, उशीर झाला की माणसं परत जुन्या व्यापाऱ्याकडे जातात, कारण तो उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. दर रविवारी संध्याकाळी देवळात सगळ्यांसमोर हिशोबाची वही वाचायची, कपातीसकट.