ग्रासा माशेल यांच्या कार्यावर व्याख्यान कसे तयार करावे

पुण्यातील एखाद्या महिला मंडळात किंवा महाविद्यालयाच्या अभ्यासमंडळात आफ्रिकेतील प्रथम महिलेच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीच्या, कार्यावर बोलायचे असेल, तर ग्रासा माशेल यांची निवड करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. मोझांबिक आणि दक्षिण आफ्रिका या दोन देशांच्या त्या प्रथम महिला होत्या. मात्र व्याख्यानाची सुरुवात तेथून करू नये. माझ्या पहिल्या व्याख्यानात मी ती चूक केली आणि नंतर चहाच्या वेळी श्रोत्यांच्या बोलण्यात फक्त नेल्सन मंडेला यांच्याशी १९९८ साली झालेला त्यांचा विवाहच उरला.

सर्वप्रथम सनावळी मांडावी आणि प्रत्येक सनापुढे त्या वेळी त्यांच्याकडे कोणती जबाबदारी होती, ते लिहावे. १९४५ साली जन्म, लिस्बनमध्ये शिक्षण, १९७३ साली पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लढणाऱ्या फ्रेलिमो संघटनेत प्रवेश, १९७५ साली मोझांबिक स्वतंत्र होताच शिक्षणमंत्रिपद आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्याशी विवाह. ऑक्टोबर १९८६ मध्ये विमान अपघातात समोरा यांचे निधन झाले, तरी त्या १९८९ पर्यंत मंत्रिपदावर होत्या. ही नोंद श्रोत्यांसमोर ठळकपणे ठेवावी. कारण त्यांचे कार्य पतीच्या पदावर अवलंबून नव्हते, हे येथेच स्पष्ट होते.

पुणेकर श्रोत्यांना मोझांबिक दूरचा वाटतो. तो १७५२ पर्यंत पोर्तुगीजांच्या गोव्यातील राजवटीच्या अखत्यारीत होता, एवढे सांगितले तरी अंतर कमी होते. रमाबाई रानडे यांचा उल्लेखही येथे शोभतो; न्यायमूर्तींच्या निधनानंतर १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. तुलना मात्र एका वाक्यापलीकडे नेऊ नये, कारण दोघींचा काळ आणि परिस्थिती फार भिन्न आहेत.

निम्म्याहून अधिक वेळ सशस्त्र संघर्षात सापडलेल्या मुलांसंबंधीच्या अहवालाला द्यावा. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी १९९४ साली हे काम माशेल यांच्याकडे सोपवले, तेव्हा त्या कोणत्याही राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नव्हत्या. अंगोला, कंबोडिया, रवांडा, लेबनॉन, कोलंबिया अशा युद्धाने पोळलेल्या देशांत प्रत्यक्ष जाऊन त्यांनी १९९६ साली अहवाल सादर केला. मुलांना सैनिक बनवणे, भूसुरुंग, निर्वासित कुटुंबे, मुलींवरील लैंगिक अत्याचार हे सगळे विषय त्यात एकत्र आले. श्रोत्यांना आकडे ऐकवण्याऐवजी, शाळेत असायला हवे अशा वयात हातात बंदूक आलेल्या मुलाला परत घरी आणण्यासाठी काय काय लागते, हे अहवालाच्या आधारे समजावून सांगावे; माझ्या अनुभवात सभागृह याच भागात सर्वाधिक शांत होते.

अहवालाचे पुढे काय झाले, हेही सांगावेच. या विषयासाठी महासचिवांच्या विशेष प्रतिनिधीचे पद निर्माण झाले. अठरा वर्षांखालील मुलांना प्रत्यक्ष लढाईत उतरवू नये आणि त्यांची सक्तीने भरती करू नये, असे बंधन घालणारा बालहक्क करारनाम्याला जोडलेला पूरक करार मे २००० मध्ये स्वीकारला गेला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये अमलात आला. प्रश्नोत्तरांत ‘याचा आपल्याशी काय संबंध?’ असे कोणी विचारलेच, तर भारताने २००५ साली त्याला मान्यता दिली, हे उत्तर तयार ठेवावे.