विमानप्रवासाचं अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

दोन विमानतळांमधलं अंतर शोधायचं, त्याला ताशी ९०० किलोमीटरने भागायचं आणि येईल तो आकडा प्रवासाची वेळ म्हणून धरायचा, ही सर्रास होणारी चूक. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके हे अंतर साधारण ५,५४० किलोमीटर. भागाकार सहा तासांच्या जरासा वर जातो. प्रत्यक्षात लंडनहून न्यूयॉर्कला जायला सुमारे आठ तास लागतात आणि परतीला सुमारे सात. तिकिटावरची वेळ विमान गेटवरून हलल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरण्यासाठी वेग कमी करणं हे सगळं त्यात आलं. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचे जोरदार वारे वाहतात. पूर्वेकडे जाताना ते विमानाला रेटतात, पश्चिमेकडे जाताना अडवतात. म्हणून जाण्याची वेळ परतीला जशीच्या तशी लावू नका.

दोन ठिकाणी अंतराचे आकडे जुळत नसतील तर आधी एकक बघा. तेच ५,५४० किलोमीटर म्हणजे सुमारे ३,४४० मैल, किंवा २,९९० सागरी मैल. एककही जुळत असेल तर अंतर कोणत्या विमानतळाचं आहे ते तपासा. टोकियोला हानेदा आणि नारिता असे दोन विमानतळ आहेत. लंडनला तर त्याहून जास्त. शहराच्या नावापेक्षा विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाकून शोधलेलं बरं.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून मार्ग ठरवू नका. टोकियो आणि न्यूयॉर्क यांना जोडणारी सरळ रेघ प्रशांत महासागराच्या मधून जाते, पण गोल पृथ्वीवरचा सर्वांत जवळचा मार्ग अलास्कावरून जातो. आणि विमान दरवेळी तोच मार्ग घेईल असंही नाही. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली, तेव्हा हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. अंतराच्या आकड्यात हे कधीच दिसत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ घड्याळाचा होतो. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची असते. त्यांची थेट वजाबाकी केली की उत्तर चुकतं. हिवाळ्यात टोकियोहून सोमवारी संध्याकाळी ५ ला निघालेलं विमान दहा तास उडून लॉस एंजेलिसला सोमवारीच सकाळी १० ला उतरतं, म्हणजे निघण्याच्या सात तास आधी! तिकीट चुकलेलं नसतं. आधी दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत बदला, मग वजाबाकी करा. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे आणि लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे, त्यामुळे हिशेब बरोबर दहा तासांचा येतो. मार्चमध्ये जास्त सावध राहा. अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या काळात दोघांमधला नेहमीचा फरक एका तासाने कमी होतो. पोहोचण्याच्या वेळेपुढे ‘+१’ असेल तर तारीख दुसऱ्या दिवसाची धरा आणि हॉटेलचं बुकिंग त्याप्रमाणे करा.

वाटेत विमान बदलायचं असेल तर थेट अंतराचा आकडा बाजूला ठेवा. प्रत्येक टप्प्याचं अंतर वेगळं काढून बेरीज करा, मधला थांबा मिळवा आणि पुढचं विमान त्याच विमानतळावरून आहे ना, हे तिकीट काढण्याआधी बघून घ्या.